गुरुवारचा पोटॅशियम

मूल (जि. चंद्रपूर), ९ डिसेंबर २०२४

दानिश,

सलाम-दुआ मनातल्या मनात समजून घे. लिहायची इच्छा नाही.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही नाही. म्हणून हे रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. बंगलोरच्या तुझ्या ऑफिसात चार लोकांदेखत सही करून घ्यावं लागेल. उर्दू वाचायचा तुला कंटाळा आणि हिंदीत मला धड रागावता येत नाही. आपण दोघे भावंडं इथल्या मराठी शाळेत शिकलो, तेव्हा मराठीतच ऐक.

मामूंनी भैयाजीला कामावरून काढलं. तुला कळलंच असेल, कारण तुझ्याच रिपोर्टवरून काढलं. शनिवारी सकाळी राईस मिलच्या अंगणात हमाल, ड्रायव्हर, बारदान शिवणाऱ्या बाया, सगळे असताना मामूंनी तुझ्या लेझर मशीनचा तक्ता मोबाइलवर उघडून वाचून दाखवला. दर गुरुवारी भट्टीतला पोटॅशियम चढतो. धानाच्या भुशात तो एवढा नसतो, कपाशीच्या पऱ्हाट्यांत आणि सोयाबीनच्या कुटारात, म्हणजे मळणीच्या भुसकटात, असतो. गुरुवारी वीटभट्टीवाल्यांचे ट्रॅक्टर आपला उरलेला भुसा न्यायला येतात. म्हणजे फायरमन भैयाजी त्यांना चोरून जास्तीचा भुसा भरून देतो, पैसे खिशात घालतो आणि बॉयलरमध्ये गावातलं कुटार कोंबतो. बॉयलरच्या नळ्यांवर राख त्यामुळेच चिकटते. किती छान जुळवलंस रे! शाळेत निबंध लिहिताना एवढं सुचलं असतं तर पहिला आला असतास.

भैयाजी म्हणाला, "मशीन म्हणते का मी चोर हाव?" मामू म्हणाले, "मशीन म्हणते." तेव्हा तो म्हणाला, "मंग दानिशले बलवा. त्यानं माह्या तोंडावर सांगावं. मी मशीनच्या तोंडाले लागून नाई राह्यलो."

ते मशीन बसवायला तू पावसाळ्याच्या आधी आलास, तेव्हा मिलच्या धुळीत तुला मामूंच्या घरचा डबा नको असायचा. भैयाजीच्या घरी जाऊन जेवायचास. त्याची बायको कमळाबाई तुझ्यासाठी वेगळं, कमी तिखटाचं वरण काढून ठेवायची. भट्टीच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडायची होती तेव्हा त्या विटांच्या आत डोकं कोणी घातलं? तू घातलं नव्हतंस. तू बाहेर उभा राहून "थोडं डावीकडे, भैयाजी" म्हणत होतास.

त्याच माणसाला आता सावली-मूलच्या रस्त्यावरची एकही मिल कामावर घेत नाही. बातमी त्याच्या आधी पोचते. काल तो तिसऱ्या मिलच्या गेटवरून परत आला.

मला एवढंच हवं आहे. तू मामूंना फोन कर आणि सांग, की तुझी खात्री नाही. खात्री असेल तर येऊन त्याच्या तोंडावर बोल. दोन्हीपैकी एक काहीतरी कर.

आपा

*

मूल, १८ डिसेंबर २०२४

दानिश,

आलं तुझं उत्तर. चार ओळी, त्याही टाइप केलेल्या. "मशीन खोटं बोलत नाही. भावना आणि विज्ञान यांची गल्लत करू नकोस. तू स्वतः केमिस्ट्री शिकवतेस."

हो, शिकवते. अकरावीच्या ज्या पोरांना मी शिकवते, त्यांनी असं उत्तर लिहिलं तर मी शून्य देते.

रविवारी मी मिलमध्ये गेले. काच पुसायचं काम तूच माझ्या गळ्यात टाकून गेलास ना? "आपा, रविवारी लेझरची काच पुसायची आणि आठवड्याचा डेटा डिस्कवर घ्यायचा, बस." म्हणजे पासवर्ड माझ्याकडे आहे, हे तू विसरलास. मुन्ना नावाचा नवा पोऱ्या भट्टीवर आहे. खोरं कसं धरायचं हे त्याला अजून कळत नाही, पण ते असो.

तू मामूंना जो तक्ता पाठवतोस तो दिवसाच्या सरासरीचा आहे. सोमवार बुटका, मंगळवार बुटका, गुरुवार उंच. मामूंना दिसला उंच गुरुवार. मी त्याच्या मागचा डेटा उघडला, जो तुझं मशीन सेकंदाला हजारदा घेतं. याचसाठी तर ते एवढं महाग आहे, म्हणून तूच अम्मीला सांगत होतास. भट्टीच्या एका अंगाने लेझरचा उजेड सोडायचा, दुसऱ्या अंगाने धरायचा. पोटॅशियमला त्यातला एक ठरावीक रंग गिळायची खोड असते, वाफेला दुसरा. किती गिळला त्यावरून आत काय आहे ते कळतं, आणि हे इतक्या भराभर, की ज्वाळेची नुसती फडफडसुद्धा सुटत नाही. नळीने धूर ओढून तपासणाऱ्या जुन्या यंत्राला जे अर्ध्या मिनिटाने कळायचं, ते याला लगेच दिसतं. अम्मी तेव्हा तोंडाला पदर लावून ऐकत होती.

तर त्या भराभर डेटात काय आहे? गुरुवारचा सगळा दिवस सपाट आहे. इतर दिवसांसारखाच. आणि दुपारी एकदाच, जेमतेम मिनिटभर, एक सुळका. आधी वाफ वर जाते, तिच्या पाठोपाठ पोटॅशियम, आणि तोही इतका की कागद फाटून बाहेर जाईल. मग परत सपाट. संध्याकाळपर्यंत काही नाही.

कुटार असं जळतं का रे? गाडीभर कुटार कोंबलं तर ते तासन् तास जळेल. सकाळपासून रात्रीपर्यंत रेघ वर राहील. हा सुळका म्हणजे कोणीतरी एकच काहीतरी एकदाच आत टाकलं आहे. तू त्या मिनिटाला दिवसभरावर पसरलंस आणि म्हणालास, दिवसभर चोरी. वरणाच्या एका वाटीत मिरची पडली म्हणून गावजेवण तिखट झालं म्हणण्यासारखं आहे हे.

आणि पुढचं ऐक. भैयाजीला शनिवारी काढलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी, १२ तारखेला, तो मिलच्या आसपाससुद्धा नव्हता. सुळका आहे! तसाच, दुपारीच. चोर गेला आणि चोरी चालू. मामूंना मी हे दाखवलं तर म्हणतात, "बेटा, ते दानिशचं काम हाय, आपल्याले त्यातलं काय समजते." शिकलेल्या भाच्यापुढे शिकलेली भाची मामूंना दिसतच नाही.

हा डेटा तुझ्याकडेही जातो. रोज जातो. तो तू पाहिला नाहीस, असं मला सांगू नकोस. सरासरी काढायची तर आधी तो उघडावा लागतो. मग काय पाहिलंस ते मला लिही. गोलमोल नको.

आपा

*

मूल, २६ डिसेंबर २०२४, गुरुवार

दानिश,

आज कॉलेजला सुट्टी टाकली आणि जेवणाच्या आधीपासून मिलमध्ये बसले. मामूंच्या केबिनमध्ये नाही, तुझ्या पत्र्याच्या खोक्याजवळ, पोत्यांच्या थप्पीमागे. स्क्रीन समोर ठेवली. मनात ठरवून आले होते, की जो कोणी येईल त्याचा हात धरायचा. वीटभट्टीवाला असेल, मामूंचा मुनीम असेल, कोणी का असेना. इतकी चिडले होते मी.

अम्मी आली.

मामूंचा डबा घेऊन आली, गुरुवारी ती नेहमी येते. दर्ग्यावर फूल वाहून येते आणि भावाला जेवू घालते. डबा केबिनमध्ये ठेवला आणि भट्टीकडे वळली. मी थप्पीमागे होते, तिला दिसले नाही. तिने बटव्यातून तुरटीचा खडा काढला. चांगला मुठीएवढा. तुझ्या लेझरच्या खोक्यावरून ओवाळला, ओठ हलत होते तिचे. मग मुन्नाला हाताने खूण केली, त्याने झडप उघडली आणि तिने खडा आत टाकला. बरोबर तुझ्या उजेडाच्या वाटेखाली. मागे न बघता निघून गेली.

मी स्क्रीनकडे पाहिलं. आधी वाफ. मग पोटॅशियम.

तुरटीत काय असतं ते तुला सांगायला नको. एका रेणूत पाण्याचे बारा आणि पोटॅशियमचा एक. पाणी आधी उडतं. अकरावीची पोरंही सांगतील. तव्यावर ती कशी फसफसून फुगते हे तर तुला लहानपणापासून माहीत आहे. तुला ताप आला की अम्मी तेच करायची आणि फुगलेल्या तुरटीत शेजारच्या फरहतखालाचं नाक ओळखायची, म्हणजे नजर तिचीच.

मी तिच्या मागे गेले आणि गेटवर गाठलं. विचारलं हे काय होतं. तर लाजली. म्हणाली, "दानिश की मशीन है ना. पूरे मूल में किसी के पास नहीं. नजर नहीं लगेंगी क्या?" म्हटलं, भट्टीत टाकल्यावर कोणाची नजर ते दिसत तरी कसं? म्हणाली, "दिखने का क्या काम. दुश्मन बहुत हैं."

मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं, तिला वाटलं मला बरं नाही. तुझ्या आईने तुझ्या मशीनची दृष्ट काढली आणि तुझ्या मशीनने ती चोरी म्हणून लिहून ठेवली. आणि त्या चोरीत तू ज्याच्या हातचं खाल्लंस त्याला गुंतवलंस. कोणाला सांगावं हे?

संध्याकाळी भैयाजीच्या घरी गेले. त्याला विचारलं, अम्मी तुरटी टाकायची हे माहीत होतं का? म्हणाला, "हाव ना. मीच तर झडप उघडून देत होतो बाईले." मग सांगितलं का नाही? तो माझ्याकडे बघतच राहिला. "मले तुरटीचं कोन इचारलं? मले कुटाराचं इचारलं. अन् दृष्ट काढल्याची गोष्ट का कोनाले सांगतेत? सांगतली तर उतरते का?" बरोबर आहे त्याचं. आपल्याकडे दृष्ट काढणाऱ्याला कोणी हटकत नाही आणि त्यानंतर कोणी त्याचा विषयही काढत नाही. तुरटीतून पोटॅशियम निघतो हे त्याला माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं, आणि गुरुवारी तुरटी पडते हे तुला माहीत नव्हतं. तिथवर मी तुला दोष देत नाही.

पण तो सुळका तुला माहीत होता. तो कुटाराचा नाही हे तुला माहीत होतं. मग एक फोन करून "भैयाजी, गुरुवारी दुपारी भट्टीत काय पडतं?" एवढंसुद्धा तुला विचारवलं नाही. साप साप म्हणून भुई धोपटायची ती धोपटलीस, आणि भुई होती भैयाजीची पाठ.

अम्मीला मी अजून काही सांगितलेलं नाही. तू आधी मामूंना सांग. तुझ्या तोंडून ऐकतील ते. साध्या शब्दांत सांग, की भैयाजी चोर नाही.

आपा

*

मूल, ८ जानेवारी २०२५

दानिश,

तुझी पीडीएफ मामूंना मिळाली. कंपनीचं बोधचिन्ह, खाली तुझी सही. "मापनातील अनिश्चितता व स्थानिक परिस्थिती लक्षात घेता, पूर्वीच्या अहवालातील इंधनविषयक निष्कर्ष अंतिम मानू नयेत."

वा!

आणि मला वेगळा मेसेज. तो मी जपून ठेवला आहे. "सुळका मी पाहिला होता. पण इंधनातली भेसळ लेझरने पकडली, या एका निकालावर मला इथे टीम मिळाली आहे. अजून तीन मिलमध्ये मशीन लावायची बोलणी चालू आहेत. आता मागे घेतलं तर सगळं जाईल. अम्मीचं नाव मध्ये आणू नकोस, तिची बदनामी होईल."

म्हणजे पाहिलं होतंस. निदान तेवढं तरी लिहिलंस.

अम्मीच्या बदनामीचा तुला अचानक पुळका आला! अम्मीने काय केलं? तुरटी टाकली. मूलमध्ये ज्या घरात पोर आहे त्या प्रत्येक घरात तुरटी असते. त्यात कसली बदनामी? बदनामी व्हायची ती तुझी होईल, आणि अम्मीच्या पदराआड उभा राहून तू ती टाळतो आहेस. लहानपणी फरहतखालाची काच फोडून असाच उभा राहायचास.

तुझा कागद घेऊन मी भैयाजीकडे गेले. त्याच्या हाताला सध्या काम नाही, कमळाबाई दुसऱ्यांच्या शेतात लाखोळीची भाजी खुडायला जाते. दोघं अंगणात बसली होती. मी वाचून दाखवलं. एकदा वाचलं, मग तो म्हणाला म्हणून सावकाश परत वाचलं.

भैयाजीने विचारलं, "बाई, यात मी चोर नाई असं कुठी लिवलं हाय?"

मी शोधलं, दानिश. खरंच शोधलं. कागद उलटासुद्धा करून पाहिला.

"नाई लिवलं," मी म्हटलं. त्याच्यासमोर आपोआप त्याच्यासारखीच बोलले.

कमळाबाई म्हणाली, "माह्या हातचं वरण कमी तिखट पायजे होतं त्याले. आता हे का लिवून धाडलं त्यानं? अनिश्चितता! काऊन, चोर म्हनतानी होती का अनिश्चितता?" तिने तो शब्द असा उच्चारला, जणू घाण काहीतरी जिभेवर आलं आहे. तो कागद भैयाजीने ठेवून घेतला नाही. मला परत दिला. "तुमच्याजवळच ठेवा. माह्या काही कामाचा नाई."

तू नाही सांगणार हे मला आता कळलं. मी अम्मीला सांगणार आहे. अडवायचं असेल तर फोन कर. मी उचलते, तुझ्यासारखी नाही.

आपा

*

मूल, १७ जानेवारी २०२५

दानिश,

फोन आला नाही तुझा.

परवा मी अम्मीला सगळं सांगितलं. तुरटीत काय असतं, मशीनला काय दिसतं, मामूंनी तक्ता कसा वाचला. तिला वाटत होतं भैयाजी आपणहून काम सोडून गेला. मामूंनी तिला तसंच सांगितलं होतं, बाईमाणसाला कशाला हे सगळं म्हणून. ती ऐकत राहिली. मग उठली, बुरखा घातला आणि म्हणाली, "चल."

मिलमध्ये धान उतरत होतं. हमालांची रांग लागलेली, मामू काट्याजवळ. अम्मी सरळ तिथे गेली आणि म्हणाली, "वहाब, भट्टीत तुरटी मी टाकत होती. दर गुरुवारी. भैयाजी चोर नाई." मराठीत बोलली, सगळ्यांना कळावं म्हणून. मामूंचा चेहरा पडला. इकडेतिकडे बघून म्हणाले, "आपा, घर में बात करते हैं ना." अम्मी म्हणाली, "घरात नाई. चोर त्याले इथंच म्हटलं होतं तू."

माझी आई, दानिश. जी दुकानदाराला भाव विचारताना मला पुढे करते.

मग मी मशीनची स्क्रीन लावली आणि अम्मीने सगळ्यांसमोर खडा टाकला. मामूंनी स्क्रीनवर सुळका पाहिला. पोत्यांवर बसलेले हमालसुद्धा येऊन पाहून गेले. मग मामूंनी स्वतः मोटारसायकल काढली, भैयाजीच्या घरी गेले. मी सोबत नव्हते, काय बोलले माहीत नाही. माफी मागितली असं कमळाबाई म्हणते, मामू त्यावर बोलत नाहीत.

भैयाजी काल कामावर आला. एका अटीवर. तुझं खोकं तिथून काढायचं. मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, मशीनने खरंच सांगितलं होतं भैयाजी, क्षणाक्षणाचं खरं सांगितलं होतं, दानिशने ते दाबलं. तुमची बाजू शेवटी त्या मशीननेच मांडली. तो म्हणाला, "तुमचं बराबर असंल बाई. पन ते डबडं बसवाले मीच भोकं पाडून देल्ली, अन् त्यानं त्यातून माह्यावर पाळत ठेवली. मले ते इथी नाई पायजे." मला पटलं नाही. अजूनही पटत नाही, कारण ते मशीन चांगलं आहे. पण ते ठरवायचा हक्क माझा नव्हता. ते आता गोदामात बारदानाखाली आहे. तुझ्या कंपनीने माणूस पाठवून घेऊन जावं. कंपनीला मी गुरुवारचा सगळा डेटा आणि तुरटीची हकीकत कालच ईमेलने पाठवली आहे. तुझा तो मेसेज पाठवला नाही. पाठवावासा फार वाटला.

हे सगळं तुला मामूंकडून कळलंच असतं. मी लिहिते आहे ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

परवा अम्मी आणि मी मिलमधून ऑटोने परत येत होतो. तलावाजवळ आल्यावर अम्मी म्हणाली, "दानिश को मालूम था क्या?"

हा सगळा महिना मी तुला फाडून खाल्लं आहे. दात-ओठ खाऊन पत्रं लिहिली. सगळ्या मूलला ओरडून सांगावं असं मला वाटत होतं, की माझ्या भावाला माहीत होतं. आणि ती विचारत होती, बुरख्याचं टोक बोटाला गुंडाळत, माझ्याकडे न बघता.

मी म्हटलं, "नाही अम्मी. त्याला कुठून माहीत असणार?"

तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "तू भी झूठ बोलना सीख गई."

तेव्हापासून तुझं नावही काढलेलं नाही. दुपारी भाकरी थापताना मध्येच थांबते आणि पुन्हा थापते.

मी तुझ्यासाठी जे काही करू शकत होते ते त्या ऑटोत करून संपलं, आणि तेही फसलं. आता तिला काय सांगायचं ते तूच सांग. पीडीएफ पाठवू नकोस, पत्रही नको. तिला वाचता येत नाही. यावं लागेल तुला.

नाहीद